बागेत जाते, पण मन हलकं होत नाही

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या वाचक ४३ वर्षांच्या आहेत. हिशेबाच्या कामाची पूर्णवेळ नोकरी, दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाल्यापासून अंथरुणाला खिळलेले वडील आणि वयात येणारी मुलगी. रात्री तीनच्या सुमारास जाग येते आणि उजाडेपर्यंत तेच ते विचार डोक्यात फिरत राहतात. तपासण्या झाल्या, त्यांत काही निघालं नाही. ‘रोज मोकळ्या हवेत, झाडांमध्ये फिरत जा,’ असं डॉक्टरांनी सांगितलं. गेले तीन महिने त्या नेमाने सकाळी घराजवळच्या बागेत चाळीस मिनिटं चालतात. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, कानात काहीतरी चालू, मधूनमधून ऑफिसचे मेसेज. घरी परतल्यावर शांत वाटण्याऐवजी उशीर झाल्याची चिडचिड होते. मध्यंतरी त्या चार दिवस डोंगरात, एका तळ्याकाठी राहून आल्या. तिथे बरं वाटलं, पण घरी आल्यावर दोन दिवसांत सगळं पहिल्यासारखं. नात्यातलं कुणीतरी ‘तुला बरं आहे, फिरायला वेळ मिळतो’ असं म्हणालं, ते मनाला लागलंय. त्या विचारतात: ‘सगळ्यांना निसर्गात शांत वाटतं, मलाच का नाही? माझ्यातच काही कमी आहे का? फिरणं बंद करू, की नोकरी सोडून कुठेतरी शांत ठिकाणी राहायला जाऊ?’

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्यात तुमचा थकवा दिसला. दुसऱ्यांदा एक शब्द सारखा डोळ्यांत भरत गेला: ‘उपयोग’. तीन महिने झाले, काही उपयोग नाही. डोंगरात जाऊनही उपयोग झाला नाही. मग या फिरण्याचा उपयोग काय? मला वाटतं, आपण या शब्दापासूनच सुरुवात करावी.

बागेतली तुमची चाळीस मिनिटं कशी जातात, हे तुम्ही फार प्रामाणिकपणे लिहिलंय. फाटकातून आत शिरताना घड्याळ सुरू होतं. पहिल्या फेरीत ‘आज तरी बरं वाटेल का’. दुसऱ्या फेरीत ‘अजून काहीच वाटत नाही’. तिसरीत फोन वाजतो. चौथीत वडिलांची उठायची वेळ जवळ आलेली असते आणि पाय आपोआप घराकडे वळतात. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासायचे आणि सकाळी उठून स्वतःच्या मनाचा हिशेब तपासायचा, असं चाललंय हे. झाडं तिथे आहेत, तुम्हीही तिथे आहात, पण तुम्ही तुमच्या मनाची झडती घेत त्यांच्याभोवती गोल गोल फिरताय. ‘झोप लागली का, झोप लागली का’ असं विचारत पडलं की झोप पळते. विसाव्याचंही तसंच होतं.

यात तुमची चूक नाही. ‘निसर्गात गेलं की मन शांत होतं’ हे वाक्य आपल्या हाती गोळीसारखं ठेवलं जातं. गोळी घेतली की ताप उतरायला हवा. उतरला नाही, तर गोळी तरी खोटी किंवा आपल्यातच काही बिघाड. तुम्ही दुसरा निष्कर्ष काढलात. मला दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात.

मुळात झाडांमध्ये गेल्यावर आपल्यात काय होतं, याचं मला सगळ्यांत पटलेलं उत्तर रेचल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्याचं आहे. ते म्हणतात, आपल्या लक्षाचे दोन प्रकार. एक, मुद्दाम लावावं लागणारं: आकड्यांच्या रांगेतली चूक शोधताना, औषधांच्या वेळा सांभाळताना, मुलीशी बोलताना आवाज चढू नये म्हणून स्वतःला आवरताना. हे लक्ष वापरून दमतं. दमलं की चुका होतात आणि चिडचिड वाढते. दुसरं आपोआप लागतं: पानांची सळसळ, पाण्यावरची चमक, ढगांचं सरकणं. या गोष्टी आपल्याला खेचून घेत नाहीत, पण रमवतात. त्या वेळात पहिल्या लक्षाला विश्रांती मिळते. तुम्ही बागेत पावलं मोजता, कानातलं ऐकता आणि मेसेजला काय उत्तर द्यायचं ते ठरवता. म्हणजे दमलेलं लक्षच पुन्हा कामाला जुंपता. तुमचं शरीर बागेत गेलं, लक्ष मात्र ऑफिसातून बाहेर पडलंच नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते, ‘मलाच का शांत वाटत नाही?’ २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सुमारे पन्नास मिनिटं चालायला पाठवलं, एकदा झाडांच्या उद्यानात आणि एकदा शहरातल्या गजबजलेल्या रस्त्यांवर. परतल्यावर त्यांना ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणायला सांगितलं. झाडांमधून चालून आल्यावर हे जास्त चांगलं जमत होतं. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट तुम्हाला सांगायचीय. काही जण कडाक्याच्या थंडीत चालले होते. त्यांना ते चालणं उन्हाळ्यातल्या लोकांइतकं मुळीच आवडलं नव्हतं. तरीही त्यांच्या लक्षात सुधारणा तेवढीच झाली होती.

म्हणजे आवडणं वेगळं आणि विसावा मिळणं वेगळं. आतून प्रसन्न वाटलं नाही, डोळे भरून आले नाहीत, काहीच ‘जाणवलं’ नाही, तरी आत काहीतरी सैल झालेलं असू शकतं. ते बागेच्या फाटकापाशी कळत नाही. कदाचित सकाळी अकरा वाजता कळेल, जेव्हा कुणीतरी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारेल आणि तुम्ही नेहमीसारख्या खेकसणार नाही. म्हणून माझी पहिली विनंती ही की, बागेत असताना ‘बरं वाटतंय का’ हे तपासणं दोन महिने थांबवा. विचार येईल, येऊ द्या. फक्त त्याचं उत्तर शोधू नका.

दुसरी विनंती कठीण वाटेल. घड्याळ घरी ठेवा आणि फोन बंद करून पिशवीत टाका. वडिलांमुळे फोन पूर्ण बंद ठेवता येत नसेल, तर फक्त घरच्या नंबरची घंटी वाजेल असं करून ठेवा. एवढं तर बहुतेक फोनमध्ये होतं. २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्याच मेरीकॅरल हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ शहरी लोकांना आठ आठवडे आठवड्यातून किमान तीनदा निसर्गात वेळ घालवायला सांगितलं. जागा, दिवस, वेळ ज्याची त्याने ठरवायची. अटी मात्र स्पष्ट होत्या: दिवसाउजेडी जायचं, दमवणारा व्यायाम नाही, फोन नाही, इंटरनेट नाही, वाचन नाही, गप्पा नाहीत. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं गेलं. वीस ते तीस मिनिटांत ते सगळ्यांत वेगाने उतरत होतं. त्यानंतरही उतरत होतं, पण संथपणे. अभ्यास छोटा आहे, त्यावर मोठे दावे करू नयेत. पण तुमच्यासारखीला यात एक दिलासा आहे. चाळीस मिनिटांसाठी धावपळ करायची गरज नाही, वीस पुरेत. आणि वीस मिनिटांनी परतलात, तर उशीर झाल्याची चिडचिडही कमी होईल.

व्यायाम म्हणून चालत असाल, तर ते वेगळ्या वेळी चालू ठेवा, त्याचे फायदे त्याच्या जागी आहेत. ही वीस मिनिटं मात्र बसायची. एकच जागा निवडा. सुंदर असायची गरज नाही. कोपऱ्यातला बाक, कुंपणालगतचं एखादं झाड, जिथे सहसा कुणी बोलायला येत नाही आणि जिथे तुम्हाला सुरक्षित वाटतं, अशी. रोज तिथेच बसा. पहिले काही दिवस कंटाळा येईल, अगदी अस्वस्थ व्हाल, हात पिशवीकडे जाईल. ते साहजिक आहे. आठ-दहा दिवसांनी मात्र एक बदल होतो, तो मी स्वतः अनुभवलाय: जागा ओळखीची होते. कालची कळी आज उमललेली दिसते. एक खार ठरलेल्या फांदीवरूनच उतरते, हे लक्षात येतं. बुंध्यावरचं शेवाळ फक्त एकाच बाजूला आहे, हे दिसतं. तुम्ही काही शोधायला गेलेल्या नसता, तरी डोळ्यांना काम मिळतं आणि ते काम हलकं असतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात मी सहा आठवडे रुग्णालयात होते. इमारतीच्या मागे, गाड्या लावायच्या जागेशेजारी, एक अर्धवट वाळलेलं झाड होतं. त्याचं नावही मला माहीत नव्हतं. रोज दुपारी आई झोपली की मी दहा मिनिटं त्याच्यापाशी उभी राहायचे आणि खोडावरून चढणारी मुंग्यांची रांग बघायचे. मला शांत वाटायचं, असं मी म्हणणार नाही. आई तशीच होती, भीती तशीच होती. पण त्या दहा मिनिटांत मला कुणी काही विचारत नव्हतं आणि मीही स्वतःला काही विचारत नव्हते. तेवढ्यावर पुढचे काही तास निघायचे.

त्यामुळे डोंगरातल्या त्या तळ्याबद्दल मला थोडं वेगळं म्हणायचंय. ती सहल वाया गेली नाही. चार दिवस तुम्ही झोपलात, खळखळून हसलात, असं तुम्हीच लिहिलंय. पण सुट्टीचा परिणाम घरी आल्यावर लवकर ओसरतो, हे बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. आज पोटभर जेवलं म्हणून पुढच्या आठवड्याची भूक भागत नाही. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आठवड्याला १२० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. हा वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्यांत, याने फरक पडत नव्हता. निसर्गामुळेच ते बरे होते, की बरे होते म्हणून बाहेर पडू शकत होते, हे अशा पाहणीतून ठरत नाही. तरी रोजची वीस मिनिटं आठवड्यात १४० होतात, आणि त्यासाठी तुम्हाला कुठेही दूर जावं लागत नाही.

जवळच्या हिरवाईला आपण कमी लेखतो, हेही दिसून आलंय. कॅनडात एका प्रयोगात काही जणांना बाहेर झाडांच्या वाटेने चालवलं आणि काहींना इमारती जोडणाऱ्या भुयारी वाटेने. निघण्याआधी किती छान वाटेल याचा अंदाज विचारला. बाहेर चालणाऱ्यांना प्रत्यक्षात त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त बरं वाटलं. मैत्रिणीच्या फोटोतलं जंगल बघून तुम्हाला तुमची बाग क्षुल्लक वाटत असेल, तर हे लक्षात असू द्या.

रात्री तीनच्या विचारांबद्दल. रवंथ हा शब्द त्याला अगदी चपखल बसतो. तोच घास पुन्हा वर येतो, पुन्हा चघळला जातो, पोटात मात्र काही जात नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की निसर्गात दीड तास चालून आलेल्या लोकांनी असं रवंथ कमी झाल्याचं सांगितलं, वाहत्या रस्त्याकडेने चालणाऱ्यांत तो फरक दिसला नाही. तुम्हाला दीड तास मिळणार नाही, हे मला कळतं. पण सकाळच्या वीस मिनिटांत आणखी एक गोष्ट मिळते, उजेड. ऑफिसातल्या दिव्यांचा उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. उघड्या आभाळाखाली ढगाळ दिवशीही तो हजारांत जातो. सकाळचा हा उजेड डोळ्यांवाटे शरीराच्या घड्याळाला दिवस सुरू झाल्याची खूण देतो, आणि रात्रीच्या झोपेची वेळ त्यावरून ठरते. तेव्हा शक्य असेल तर उजाडल्यावर जा, अंधारात नको.

मात्र तीन महिन्यांहून जास्त काळ रोज पहाटे जाग येणं, हे फक्त झाडांवर सोडू नका. डॉक्टरांना पुन्हा भेटा आणि या वेळी शरीराच्या तक्रारींबरोबर हेही सांगा की झोप मोडते, मन उदास असतं, कशात रस वाटत नाही. तुमच्या पत्रात एका ओळीत ‘कधी कधी वाटतं, सगळं संपावं’ असं आहे. ती ओळ मी वाचून पुढे गेले नाही. तिचा अर्थ थकवा असेल किंवा त्याहून जास्त असेल, दोन्ही वेळा ती आजच घरातल्या विश्वासाच्या माणसाला आणि डॉक्टरांना तोंडाने सांगायची आहे. बागेत बसणं आणि उपचार घेणं यांत निवड करायची नसते, दोन्ही बरोबर चालतं.

आता नोकरीबद्दल. सोडावी की नाही, हे मी ठरवणार नाही. पण शांत ठिकाणी राहायला जायचा विचार जेव्हा येतो, तेव्हा त्या चित्रात वडील कुठे आहेत, त्यांची औषधं कोण देतं, मुलीची शाळा कुठे आहे, हे एकदा कागदावर लिहून बघा. मला शंका आहे की त्या चित्रात तुम्ही एकट्याच आहात. तसं असेल, तर तुम्हाला नोकरीतून सुटका नकोय, काही तास सगळ्यांपासून सुट्टी हवीय. ती मागता येते. दीड वर्ष एका व्यक्तीने सांभाळलेल्या आजारपणात वाटेकरी शोधायलाच हवेत. भाऊ, बहीण, पगारी मदतनीस, जे शक्य असेल ते. एखाद्या रविवारची अर्धी दुपार कुणीतरी घेतली तरी फरक पडतो. झाडाखाली बसल्याने डोक्यावरचं ओझं उतरत नाही, ते उचलणारे आणखी हात लागतात. निसर्गाकडून आपण नको ती अपेक्षा करतो, ती इथे. कामाचा डोंगर तसाच ठेवून त्याच्याभोवती फुलं लावायची आणि मग तो हलका झाला नाही म्हणून फुलांना बोल लावायचा.

‘तुला बरं आहे, फिरायला वेळ मिळतो’ हे वाक्य ऐकून तुम्ही दोन दिवस बागेत गेला नाहीत. तुम्ही हे लिहिलंत तेव्हा मला फार वाईट वाटलं. पुढच्या वेळी रागवायची किंवा बाजू मांडायची गरज नाही. शांतपणे एवढंच म्हणा, ‘हो, सकाळची वीस मिनिटं मी बाहेर असते. तेवढ्यात तुम्ही वडिलांपाशी बसाल का?’ उत्तर काहीही आलं, तरी तुमची वीस मिनिटं तुमचीच आहेत.

आणि वडिलांना घरी सोडून जाण्याचा सल. १९८४ मध्ये रॉजर उलरिक यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या नोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांना थोडं लवकर घरी सोडलं गेलं आणि वेदनेसाठी तीव्र औषधं कमी लागली. त्या रुग्णांनी शांत व्हायचा कुठलाही प्रयत्न केला नव्हता, ते फक्त पडून होते. वडिलांचा पलंग कुठल्या दिशेला आहे, ते बघाल का? तोंड भिंतीकडे असेल आणि खिडकीकडे वळवता येत असेल, तर वळवा. बाहेर झाड नसेल तर आभाळ तरी दिसू दे, खिडकीत दोन कुंड्या येऊ देत. बागेतून परतताना गळून पडलेलं पान, पीस, शेंग असं काही त्यांच्या हातात आणून ठेवा. जो हात चालतो त्या हातात. त्यांना बोलता येत नसेल, तर तुम्ही बोला, खार आज कुठल्या फांदीवरून उतरली ते सांगा.

ज्यांना तुमच्यासारखं बाहेर पडणंच जमत नाही, त्यांच्यासाठीही थोडं सांगते. २०२२ मध्ये जर्मनीत २९५ जणांवर झालेल्या एका ऑनलाइन प्रयोगात सहा मिनिटं नुसता पक्ष्यांचा आवाज ऐकल्यावर लोकांची चिंता थोडी कमी झाली होती. प्रत्यक्ष बाहेर जाण्याची सर त्याला येते की नाही, हा वेगळा प्रश्न. पण रात्रपाळी करणाऱ्यांनी, आजाऱ्याजवळून हलता न येणाऱ्यांनी, बाहेर एकटं जायला सुरक्षित वाटत नाही अशांनी गच्ची, बाल्कनी किंवा उघडी खिडकी यांना कमी समजू नये. ज्यांना गर्दीची भीती वाटते किंवा जंगलात असुरक्षित वाटतं, त्यांनी स्वतःवर जबरदस्ती करू नये. भेदरलेलं मन झाडातही सावधच राहतं. ओळखीच्या माणसाला सोबत घ्या, आणि दोघांनी थोडा वेळ न बोलता बसायचं आधीच ठरवून घ्या.

दोन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. डॉक्टर काय म्हणाले, ते लिहा. दुपार सांभाळायला कुणी मिळालं का, ते लिहा. फिरण्याचा उपयोग झाला की नाही, ते मात्र नको. तुमच्या बाकाशेजारी कुठलं झाड आहे आणि त्याच्यावर काय काय राहतं, ते वाचायला मला आवडेल.